आग्रहाची भाकरी

बाहेरच्या खोलीत मृत्युंजय बसला होता आणि आत सौंदर्या एकच भाकरी पुन्हा पुन्हा थापत होती. थापायची, मोडायची, परत थापायची. आवाज बाहेर जायला हवा होता. डब्यातलं पीठ जेमतेम दोन भाकऱ्यांचं, आणि दीर आला होता घर बघायला.

तसा माणूस वाईट नव्हता. भाऊ गेल्यापासून येऊन-जाऊन असायचा. पण आज पेठ वडगावहून भर पुरात आला तो एकच बोलायला. "वैनी, तुम्ही भाकऱ्या देताय ती मेस पाण्यात गेली. घरात खायला नसंल तर शिवांजलीला न्हेतो."

त्याला मूलबाळ नव्हतं. जावेनं पोरीसाठी फ्रॉकसुद्धा शिवून ठेवले होते. तिकडं गेलेली पोर परत यायची नाही, हे सौंदर्याला पक्कं ठाऊक होतं.

"न्हाय कसं? भरून हाय की भावजी," ती म्हणून बसली होती.

तिनं ताट वाढलं. झुणका, खर्डा, दोन्ही भाकऱ्या. शिवांजली दारात उभी राहून काकाच्या घासाकडं बघायला लागली. सौंदर्यानं तिला डोळ्यांनीच दटावलं.

दुसरी भाकरी संपत आली. आता आग्रह करायला हवा. पाहुण्याला आग्रह न करणारं घर एक तर चिक्कू, नाहीतर उपाशी. आणि तो ‘वाढा’ म्हणाला तर?

"आणखी एक घ्या की भावजी. गरम हाय." भाकरीची रिकामी बुट्टी पोटाशी धरून ती पडद्याआडून बोलली.

मृत्युंजयनं शेवटचा तुकडा तोंडात टाकला. मग त्यानं ताटावर आडवा हात धरला. "बास वैनी. लई झालं."

तिचा जीव भांड्यात पडला.

हात धुऊन तो ऐसपैस बसला. "मी उगंच घोर लावून घेतला. पोरगी आईजवळच बरी."

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. ऐकून तो हसला.

"शिरोलीजवळ रस्त्यावर पाणी आलंय म्हणं. वाट बंद. असू दे, हितं काय कमी हाय? पाणी उतरंस्तोवर ऱ्हातो की."

"ऱ्हावा की," सौंदर्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

शिवांजलीनं काकाकडं बघितलं, मग आईकडं.

"आई, मग आपण कवा जेवायचं?"