'पिंग'ला उत्तर

सकाळपासून अख्ख्या ऑफिसातले कॉम्प्युटर लटकले होते. कुणाचीच फाइल उघडेना, आणि हेल्पडेस्कवाली मात्र प्रत्येकाला ठासून सांगत होती, "सर्व्हर चालू आहे. पिंग केलं, लगेच उत्तर आलं."

सर्व्हर सांभाळणाऱ्या साहेबांचं डोकंच फिरलं.

"अहो बाई, पिंग म्हणजे नुसतं 'आहेस का?' असं विचारणं. तो 'आहे' म्हणाला की झालं? फाइली देणारी सर्व्हिस आत केव्हाची मरून पडलीय! नुसती ओ द्यायला काय लागतं? काम करतोय का ते बघा!"

सर्व्हिस त्यांनी पुन्हा सुरू केली, पण राग काही उतरला नाही. संध्याकाळी घरी आल्या आल्या सोफ्यावर बसून ते सगळ्या टीमला खरमरीत मेल बडवायला लागले: 'यापुढे केवळ उत्तर येतंय म्हणून कुणालाही चालू समजू नये.'

"अहो, पोरगी तापाने फणफणलीय," बायको आतून येत म्हणाली.

"हं."

"दवाखान्यात न्यायला हवं. गाडी काढताय ना?"

"हं."

पोरीला खांद्यावर घेऊन, चपला घालून ती दारात ताटकळत उभी राहिली. साहेबांची बोटं कीबोर्डवर चालूच.

"अहो, ऐकताय ना?"

"हं."

शेवटी तिनेच टॅक्सी बोलावली. "बसा तुम्ही तिथेच!" म्हणत तिने धाडकन दार ओढून घेतलं.



बंद दाराआडून लगेच उत्तर आलं, "हं."