बाईंचा सर्व्हर

"पुन्हा अडकली गोष्ट," लेकीने लॅपटॉप आईबाबांकडे वळवला.

पडद्यावर लोडिंगची खूण नुसती गोल गोल फिरत होती. गोष्टीतलं कासव नदीच्या मधोमध पोचलं होतं आणि बाईंचा आवाज तिथेच थांबला होता.

शाळेतली नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, तरी तिच्या आईला सगळे बाईच म्हणत. सुतारकाम करणारा नवराही. आजारी मुलांसाठी बाई गोष्टी वाचून रेकॉर्ड करायच्या, लेक त्या वेबसाइटवर चढवायची. संध्याकाळी कुठल्या कुठल्या दवाखान्यांतली मुलं त्या ऐकायची. आज एका आईने कळवलं होतं की, इंजेक्शन देतानाच गोष्ट थांबली आणि पोरीने हात ओढून घेतला.



"आपलं होस्टिंग शेअर्ड आहे ना, आई. एकाच सर्व्हरवर शंभर जणांच्या साइट. त्यातल्या एखाद्या दुकानाचा सेल लागला की आपल्या वाट्याला काही उरत नाही. डेडिकेटेड घेतलं तर अख्खा सर्व्हर तुझा. दुसरं कोणी नाही."

"अख्खा?" बाई हसल्या. "माझ्या चार गोष्टींना एवढं कशाला? राहू दे शेअर्ड. मुलांना म्हणावं, सकाळी गर्दी कमी असते, तेव्हा ऐका. मिळेल त्या कोपऱ्यात काम उरकायची मला सवयच आहे."

स्टुलाचा पाय घासणारा नवऱ्याचा हात थांबला. सर्व्हर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. पण कोपरा ठाऊक होता. मागच्या खोलीत, त्याच्याच फळ्यांच्या आडोशाला, बाहेरचे आवाज येऊ नयेत म्हणून डोक्यावर पांघरूण घेऊन बाई वाचत बसायच्या. बेल वाजली की बाहेर. कुणी गप्पा मारायला आलं की बाहेर. "गोंद कुठे ठेवलास गं?" असं त्याने विचारलं की बाहेर. मग परत पहिल्या ओळीपासून.

"डेडिकेटेडच घे," तो लेकीला म्हणाला.

"अहो, तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. पण इंजेक्शन संध्याकाळी असेल, तर सकाळी ऐकून काय उपयोग?"

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"घे मग," त्या लेकीला म्हणाल्या. "पण नीट बघून घे."

साइट नव्या सर्व्हरवर गेली त्या आठवड्यात बाई पुढची गोष्ट वाचायला मागच्या खोलीत शिरल्या आणि दारातच थबकल्या. फळ्या तिथून हलवलेल्या होत्या. खिडकीशी एक टेबल होतं, बसायला खुर्ची होती. नवरा मागून आला, बाई खुर्चीत बसल्यावर त्याने बाहेरून दार ओढून घेतलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसला.

थोड्या वेळाने बेल वाजली. तो लगबगीने उठला.

"बाई आहेत का?" शेजारणीने विचारलं.

"आहे ना," तो हळू आवाजात म्हणाला. "पण कामात आहे. जरा वेळाने या."

आतला आवाज क्षणभर थांबला. मग पुढची ओळ वाचू लागला.