वाळ्याचा गारवा

बार्शीटाकळीचा जुना डाकबंगला उन्हाळ्यापुरताच उघडायचा. दौऱ्यावरचा गोरा साहेब आत झोपायचा आणि नत्थुजी माळी भर उन्हाच्या झळांत बाहेर उभा राहून दाराच्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायचा. विहिरीचं पाणी त्याची बायको गोदाबाई आणून द्यायची. त्या पाण्याचा आत कसा गारवा होतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. उंबरठा ओलांडायची मुभाच नव्हती.

यंदा वैशाखात तो ऐन दुपारी बादलीसकट कोसळला. साहेबाला दया आली. "याला आत निजवा," त्यानं खानसाम्याला फर्मावलं, "आणि पडदे सुकता कामा नयेत."

नत्थुजी गार फरशीवर शुद्धीवर आला. ओल्या वाळ्याचा वास अंगावरून झुळझुळत होता. आपण जन्मभर बाहेरून शिंपला तो स्वर्ग हाच, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात पडद्यावर सपकन पाणी पडलं.

"बाहेर कोन पानी मारून राह्यलं?"

"तुमची गोदाबाई," खानसामा हळूच म्हणाला. "तुमी पडले तवापासून उन्हातच उभी हाये."


नत्थुजी हात टेकून उठायला गेला, आणि बाहेर बादली आपटल्याचा आवाज आला.