शेड जमली का?

ट्रेमधल्या पंधरा रंगीत झाकणांपैकी चार बन्सीला जुळ्या भावंडांसारखी दिसत होती.

"निळ्यापासून सुरुवात करा, काका. जवळचा रंग जवळ लावत जा," डॉ. सुखदा म्हणाल्या. "घाई नाही."

घाई कशाला असेल? बन्सीला ही परीक्षा संपायलाच नको होती. महाळुंग्याच्या एका कंपनीत तो एकवीस वर्षं पेंट शॉपमध्ये होता. गाडीचा पत्रा एका कारखान्यात रंगतो, बंपर दुसऱ्यात. पण जोडल्यावर रंग एकच दिसायला हवा. ती शेड जमवण्यात बन्सीचा हात कोणी धरू शकत नसे.

दरवर्षीच्या डोळ्यांच्या तपासणीला ठिपक्यांचं पुस्तक असायचं. त्यातले आकडे अख्ख्या शॉपला पाठ होते. आत जाऊन आलेला रांगेतल्यांना सांगूनच टाकायचा. ही झाकणं पाठ तरी कशी करणार?

आठ महिन्यांपूर्वी "पोह्यांत हळद विसरलीस" म्हणून तो बायकोवर ओरडला होता. अनिताने बशी मुलीपुढे धरली. "पिवळेधमक आहेत की, आप्पा," ओवी हसली. त्यानंतर त्याने घरात रंगाचं नाव काढलं नाही. कंपनीतही तो चहाला वेगळा बसू लागला, कारण टेबलावर कोणीतरी हमखास रंगवलेला तुकडा पुढे करायचं, "भाऊ, ही शेड बघा जरा." ज्याची सगळी इज्जत डोळ्यांत, त्याने हे सांगायचं कोणाला? चारशे माणसांच्या कंपनीत बन्सी एकटा पडला होता.

आधार होता तो फक्त शेजारच्या बूथमधल्या चिमाजीचा. लॉटचा पहिला बंपर निघाला की बन्सी त्याला नमुन्याची पट्टी लावून धरायचा आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारायचा, "बोल, शेड जमली का?" चिमाजी मान तिरकी करून बघायचा. "एक नंबर, भाऊ!" तेवढ्यावर बन्सीचा दिवस निघायचा. गेल्या महिन्यात शेड जुळत नाही म्हणून साडेतीनशे बंपर परत आले. त्यांनाही चिमाजीने एक नंबरच म्हटलं होतं. बन्सीने खापर बूथच्या ट्यूबलाइटवर फोडलं. पण कंपनीने ही नवी तपासणी लावलीच.

डॉक्टरांनी झाकणं उलटी केली, खालचे आकडे वाचले.

"दरवर्षीचं ते पुस्तक फक्त लाल-हिरव्याचं होतं. तुमचं निळं-पिवळं बिघडलंय. हात कशाने धुता?"

"थिनरनं. समदेच धुत्यात."

"आणि मास्क?"

"उकडतंय, मॅडम."

"त्या वाफेने होतं हे. तुमची चूक नाही, काका. पण शेड आता दुसऱ्या कोणीतरी बघायला हवी."

बन्सी बाहेर आला. त्याला वाटलं होतं, आज आपण कोसळणार. उलट छातीवरचं ओझं उतरलं होतं. कोणाला तरी कळलं एकदाचं. बाकावर चिमाजी आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. बन्सीने खिशातली पट्टी काढून त्याच्या हातात दिली.

"आजपासून शेड तू बघायची, चिमा. मला दिसत न्हाई. आठ म्हैने तुझ्याच डोळ्यांवर चाललंय समदं."

चिमाजीने पट्टी उजेडात धरली, उलटसुलट केली. आतून त्याचं नाव पुकारलं. तो उठला नाही.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "मला तर दोन वर्सं झाली, काय बी कळत न्हाई. तुमी जमवून आणलीय म्हंजी बरोबरच आसंल, म्हणून म्हणायचो मी एक नंबर."