न चढणारा काटा

रंगनाथने बॉनेट उघडलं, आत हात फिरवला आणि विचारलं, "लई तापती व्हय?"

"उलट. तापतच नाही," एंजेला म्हणाली.

गाडी तापते म्हणून रडणारी गिऱ्हाइकं त्याच्या गॅरेजला रोजच येत. गाडी गार राहते म्हणून आलेली ही पहिलीच. त्याला हसू आलं, पण बाईचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

गाडी तिच्या पपांची, यशया सरांची. तीन महिन्यांपूर्वी आई गेली तेव्हा एंजेला त्यांना पुण्याला न्यायलाच आली होती. सर नेवासा सोडेनात. शेवटी तिने अट घातली. दर रविवारी घराबाहेर पडायचं, माणसांत जायचं, नाहीतर सामान बांधायचं.

सर लगेच कबूल झाले. शेवगावला जेम्स सरांकडे निवृत्त शिक्षक जमतात म्हणे, तिकडे जाऊ लागले. पोचले की डॅशबोर्डचा फोटो पाठवत, खाली एकच शब्द, 'पोचलो.' संध्याकाळी फोनवर कुणी कुणाची कशी फिरकी घेतली ते रंगवून सांगत. तेवढ्यावर एंजेलाचा आठवडा निवांत जाई. तिचं स्वतःचं येणं लांबतच गेलं, त्याची बोचही जरा कमी होई.

फोटोत तापमानाचा काटा मात्र कायम तळाला. इंजिन असं गार राहिलं तर लवकर खराब होतं, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. म्हणून ती रजा टाकून आली. "राहू दे गं, बरी आहे गाडी," सर सकाळपासून म्हणत होते. तिने ऐकलं नाही. तिसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. टायरमध्ये हवा कमी होती, ती वाटेत भरली.

"शेवगावपत्तुर जाऊनबी काटा खालीच, म्हंजी इंजिनाला गार पाणी सोडणारा व्हॉल्व उघडा अडकला आसंल," रंगनाथ म्हणाला. "इंजिन गार हाय तवर त्यो बंद ऱ्हायला पायजे. चला, फिरवून बघू."

तो स्वतः चालवायला बसला. तिसऱ्या किलोमीटरला काटा हलला. सहाव्याला मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

"व्हॉल्व चांगला हाय. काटाबी."

"मग कधीकधी अडकत असेल. नीट बघा ना." एंजेलाने मोबाईलमध्ये पपांनी पाठवलेले फोटो उघडले. "गाडी बंद पडली तर पपांचा रविवार जाईल. तेवढीच माणसं उरलीत त्यांना."

"फोटू दावा बरं."

त्याने पँटला हात पुसून मोबाईल घेतला. अकरा फोटो होते. एकेक सरकवत तो शेवटच्यापर्यंत गेला, तो मोठा करून बघितला, पुन्हा पहिल्यावर आला. मग तिच्याकडे न बघताच त्याने मोबाईल परत दिला.

"ताई, काटा सोडा. त्याच्याखाली किलोमीटर लिवल्यात, ते बघा."

एंजेलाने बघितले. पहिल्या रविवारी ४१,२०६. अकराव्या रविवारी ४१,२०६.