दुसऱ्या रांगेतली बाई

"हा चेहरा कुठं सापडला?" सरांनी विचारलं.

"नेटवर, सर. सर्चमध्ये नुसतं 'दुःख' टाकलं, तर दुसऱ्याच रांगेत ही बाई." उर्मीच्या पोस्टरवर एक बाई पुराच्या पाण्यात उभी राहून हंबरडा फोडत होती. उर्मीनं साडी तेवढी लाल केली होती, कारण दुःख लालमध्ये उठून दिसतं. डिजिटल मीडियाच्या वर्गातून स्पर्धेला एकच पोस्टर जाणार होतं, आणि सरांची मान अशी डोलत होती, की उर्मीनं मनातल्या मनात ट्रॉफी शोकेसमध्ये ठेवून पुसूनही घेतली.

"साडी पोपटी होती," मागच्या बाकावरून सुकुमार म्हणाला. "आई आहे ती माझी. धाकटा वाहून गेला, त्या दिवसाचा फोटो."

उर्मी खाली मान घालून पोस्टर गुंडाळू लागली.

"अगं, गुंडाळतेस काय?" सरांचा चेहरा उजळला होता. "फोटोतल्या माणसाची संमती लागते. या बाईला शोधायचं कुठं, याच काळजीत होतो मी. सुकुमार, आईची सही आणशील ना सोमवारपर्यंत?"

उर्मीचे हात थांबले. मग सुकुमारकडे न बघता तिनं पोस्टर हळूच पुन्हा उलगडलं.