भिंतीचा जबाब

भूकंपात कोसळलेल्या इमारतीच्या भिंतीचा हातभर तुकडा न्यायालयाच्या टेबलावर ठेवण्यात आला, तेव्हा द्रौपदाबाई लोंढे पदर सावरून अगदी पुढल्या बाकावर सरकल्या. त्याच भिंतीतील सळया बांधणारे त्यांचे पती भिकाजी नऊ वर्षांपूर्वी त्या पडझडीसाठी दोषी ठरले होते आणि तुरुंगातच वारले होते.

"बाई, दगडाला कुठं वाचा असते?" त्या इमारतीचे ठेकेदार पाटसकर मागून हसले.

"ओला होता तेव्हा कान होते त्याला," द्रौपदाबाई वळूनही न पाहता उत्तरल्या.

तंत्रज्ञाने तुकड्यावर सुई टेकवली. घट्ट होता होता काँक्रीटने जे ऐकले होते, ते दालनात खरखरत उमटू लागले. प्रथम मिक्सरची घरघर, मग भिकाजींचा घोगरा स्वर.

"साहेब, सळयांभोवतीच्या खालच्या कड्यांची टोकं तुम्ही सरळच ठेवायला लावलीत. वरच्यांची तरी आत वळवू द्या. धक्क्याला उघडतील त्या कड्या, मग सळया धरणार कोण?"

"तपासणारा गेला ना? काँक्रीट भर वरपर्यंत. फार शहाणा झालास तर उद्या दुसरा फिटर आणीन."

तो दुसरा आवाज कोणाचा, हे सांगण्याची गरज उरली नाही. पाटसकर पुढे वाकून कुजबुजले, "वहिनी, थांबवा हे. माझी मुलं बसलीत इथं."

भिकाजींना शिक्षा झाली, त्या दिवशी द्रौपदाबाईंचीही मुले तेथेच बसली होती. त्या उठल्या आणि त्यांनी न्यायाधीशांना हात जोडले.

"साहेब, मागच्या बाकांवर ऐकू गेलं नसेल. आवाज वाढवून पुन्हा लावा."